काळा दगड आणि आजारी चुना: कोल्हापुरातल्या जुन्या वास्तूंवरची काळी खपली कशी ओळखावी, कशी काढावी

कोल्हापूरच्या जुन्या वास्तू मुळातच काळ्या. अंबाबाईचं देऊळ, १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला न्यू पॅलेस, टाऊन हॉल, जुन्या राजवाड्याचा नगारखाना, सगळीकडे तोच काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. म्हणून 'धुरानं भिंत काळी पडली' हे वाक्य इथं दरवेळी खरं नसतं. पेठेतल्या एखाद्या वाड्याचा मालक किंवा देवळाचा विश्वस्त भिंत घासायला माणूस लावतो, तेव्हा निम्म्या वेळा तो मळ काढत नसतो, दगडाची कातडी काढत असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शहरी धुरानं आधी आजारी पडतो तो दगड नव्हे, चुना. दगडांमधल्या दरजा (सांधे), आतला-बाहेरचा गिलावा, चुन्यातली नक्षी, वीट-चुन्याची शिखरं, कोनाड्यांच्या महिरपी. खालची सगळी कामं हे धरून लिहिली आहेत: दगडाला शक्यतो हात लावायचा नाही, चुन्याची काळजी घ्यायची, आणि या दोन्हींच्या आधी पाण्याची वाट सुधारायची.

हवेतून भिंतीवर नक्की काय येतं

कोळसा, कोक, डिझेल, भट्टीचं तेल यांतलं गंधक जळलं की सल्फर डायऑक्साईड तयार होतो. ओलसर भिंतीवर त्याचं आम्ल होतं. हे आम्ल चुन्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटला भेटलं की जिप्सम बनतं, म्हणजे पीओपी ज्यापासून करतात तेच खनिज. इथून दोन संकटं सुरू होतात. एक, जिप्समला मूळ चुनखनिजाच्या जवळजवळ दुप्पट जागा लागते, त्यामुळे पृष्ठभाग फुगून सुटतो. दोन, चुनखनिज पाण्यात जवळपास विरघळतच नाही, पण जिप्सम लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं. पावसाचा मारा बसतो तिथून ते वाहून जातं आणि दर वर्षी थोडा चुना सोबत नेतं. पाऊस पोचत नाही तिथं ते साठतं, त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते.

काजळी नुसती रंग देऊन थांबत नाही. डिझेलच्या धुरातल्या आणि ओतकामाच्या धुळीतल्या लोह-मँगेनीजच्या कणांमुळे गंधकाचं आम्ल होण्याचा वेग वाढतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक पट्ट्यातल्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि शहरातली कोंडलेली वाहतूक या दृष्टीनं एकमेकांना पूरक आहेत. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचं मात्र थोडं वेगळं. चिपाडात गंधक फार कमी, त्यामुळे तो धूर काजळी आणि राख देतो, आम्ल फारसं नाही. शेतातल्या गुऱ्हाळाला सगळा दोष देऊन मोकळं होता येत नाही, ते यासाठी.

राष्ट्रीय मानकांनुसार वार्षिक सरासरी पीएम १० (हवेतले बारीक धूलिकण) साठी ६०, नायट्रोजन डायऑक्साईडसाठी ४० आणि सल्फर डायऑक्साईडसाठी ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे. या मर्यादा न पाळल्या जाणाऱ्या शहरांसाठी २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात कोल्हापूरचं नाव घेतलं गेलं. फुप्फुसं श्वास बाहेर तरी सोडतात, चुना नुसता साठवत जातो. एक बातमी बरी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात दहा पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचं डिझेल मिळतं. १९९० च्या दशकातल्या डिझेलात गंधक याच्या शेकडो पट असायचं. म्हणजे आज छज्जाखाली दिसणारी जाड खपली बरीचशी जुनी शिल्लक आहे. ती नीट काढली तर तेवढी जाड व्हायला पुन्हा बरीच वर्षं लागतील. मेहनत वाया जाणारी नाही.

पायरी १: काळा कोणता, ते ठरवा

छज्जाखाली, कणीच्या (भिंतीतून पुढे आलेल्या आडव्या पट्टीच्या) आतल्या कोपऱ्यात बोट फिरवा. खरी खपली खरखरीत लागते, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गुठळीदार असते. नखानं कडेला दाबली की कट्कन सुटते आणि तिच्या पाठीला पिठीसाखरेसारखा पांढरा थर दिसतो. तो पांढरा थर म्हणजे कालपर्यंतचा चुना.

बाकीचे काळे असे:

- शेवाळ. कोल्हापुरात सगळ्यात जास्त फसवणारं हेच. पावसाळ्यात हिरवं, मार्चमध्ये कोळशासारखं काळं. पाण्याचा फवारा मारून अर्धा तास थांबा. हिरवट झाक आली, बोटाला बुळबुळीत लागलं, तर धुराचा संबंध नाही. पागोळ्या पडतात तिथं उभे काळे पट्टे दिसले की आधी हीच शंका घ्या.
- तेल-कापराची काजळी. गाभारा, दीपमाळ, कोनाडे. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवला की कापूस तपकिरी-काळा होतो. नुसत्या पाण्यानं काही निघत नाही.
- सुटी धूळ-काजळी. कोरड्या कुंचल्यानं निघते. रस्त्याकडच्या भिंतीवर, सिग्नलजवळ आणि गाड्या भिंतीला टेकून उभ्या राहतात तिथं जास्त.
- जुना ऑइल पेंट किंवा डांबर. सुरीच्या टोकानं पापुद्रा निघतो. हा वेगळा आजार, त्याचा इलाजही वेगळा. या लेखात नाही.
- दगडाचा स्वतःचा रंग. खिद्रापूरचं कोपेश्वर शहराच्या वाहतुकीपासून लांब आहे, तरी दगड काळाच. जुन्या बसाल्टवर लोहामुळे तपकिरी-काळी छटा येते, ती त्याचं वय सांगते. तिला हात लावू नका.

शंका राहिली तर गंधकाची परीक्षा करा. खपलीची चिमूटभर पूड डिस्टिल्ड पाण्यात ढवळायची, गाळणकागदातून गाळायची, त्यात विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब आणि मग बेरियम क्लोराईडचे काही थेंब. दुधासारखा गढूळपणा आला की सल्फेट आहे. बेरियम क्लोराईड विषारी असतं, तेव्हा हे घरी नको, कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करून घ्या. घरी करायचं तर सल्फेट मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या पुरेशा होतात.

आम्लाचा थेंब थेट भिंतीवर टाकून 'फसफसतंय का' पाहायची खोड काहींना असते. थेंब टाकायचाच तर काढलेल्या पुडीवर टाका.

पायरी २: भिंतीचा नकाशा

भिंतीचा समोरून फोटो काढा, कागदावर छापा, त्यावर एक मीटरच्या चौकटी आखा. चार रंगांच्या पेन्सिली पुरतात: काळी खपली, पांढरा लोणा (भिंतीवर फुटलेले क्षार), पोकळ झालेल्या दरजा, सुटलेला गिलावा. पोकळ दरजा शोधायला लाकडी दांड्यानं हलकं ठोका, बद्द आवाज आला की खूण करा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि तारीख दिसू द्या.

आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. त्यामुळे पश्चिमेची भिंत धुतलेली आणि झिजलेली, तर पूर्वेची आणि छज्जाआडची भिंत खपली धरलेली, असं चित्र दिसायला हवं. दिसलं नाही तर काळेपणाचं कारण दुसरं आहे: वरून गळणारी पन्हळ, शेजारचा जनरेटर, भिंतीला लागून असलेली हॉटेलची भट्टी. नकाशा काढायचा तो यासाठीच. एखाद्या अरुंद बोळात एकच धुराडं अख्ख्या भिंतीची कथा सांगून जातं.

सुट्या कणांची परीक्षा सोपी. पारदर्शक चिकटपट्टीचा पाच सेंटीमीटरचा तुकडा ब्रशनं धूळ झाडलेल्या जागी लावा, अंगठ्यानं एक मिनिट दाबा, ओढून काळ्या कागदावर चिकटवा. चिकटपट्टीवर पिठासारखा थर आला तर तिथं ओला कुंचलासुद्धा लावायचा नाही. आधी तो गिलावा सांभाळायचा, स्वच्छता नंतर.

पायरी ३: आधी पाणी

साफसफाईचं टेंडर काढायच्या आधी पन्हळी साफ करा, फुटलेली कौलं बदला, छज्जाच्या तळाला पाणी तोडणारी खाच बुजली असेल तर मोकळी करा. ही खाच बोटभर रुंद असते, पण रंगाच्या आणि सिमेंटच्या थरांनी ती भरते आणि पाणी छज्जाच्या पोटाखालून सरळ भिंतीवर उतरतं. जिप्सम कोरडं असताना गप्प बसतं. ते ओलं-कोरडं होत राहिलं तरच आत सरकतं, पुन्हा स्फटिक होतं आणि कण उखडतं.

पायथ्याला बाहेरून फरसबंदी किंवा सिमेंटचा कोबा असेल तर जमिनीतली ओल वर चढते. भिंतीलगत अर्धा मीटर पट्टी उकरून खडी भरा. दीड-दोन मीटर उंचीवर आडवी पांढरी रेघ दिसते, ती या ओलीची हद्द.

पायरी ४: भिंतीतलं मीठ मोजा

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा काही शे रुपयांचा टीडीएस मीटर यासाठी पुरतो. शाई नसलेल्या टिश्यू किंवा टिपकागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात करा. वर्तमानपत्राचा चालणार नाही. दहा बाय दहा सेंटीमीटर जागेवर एक सेंटीमीटर जाड थापा. दोन दिवसांत तो वाळतो आणि वाळताना भिंतीतले क्षार ओढून घेतो. सोलून काढा, ५०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात कुस्करा, तासाभरानं वाचन घ्या. त्याच मापाचा कोरा लगदा वेगळ्या भांड्यात भिजवून त्याचं वाचन वजा करा. ही प्रक्रिया त्याच जागी पुन्हा करा. तीन-चार वेळांत आकडा खाली येऊन स्थिरावला तर क्षार पृष्ठभागाशी होते. उतरायचं नाव घेत नसेल तर मागून ओल येते आहे, म्हणजे पायरी ३ राहिली आहे.

पायरी ५: साफसफाई

हवामान निवडा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिलच्या उन्हात लगदा तासाभरात वाळून चिकटतो, आणि जूनमध्ये काही वाळतच नाही.

संरक्षित वास्तूला हात लावण्याआधी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी लागते; केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. देऊळ खासगी किंवा विश्वस्तांचं असलं तरी संरक्षित यादी आणि वारसा यादी आधी तपासा.

मग नजरेआड एक कोपरा निवडा आणि तिथं दहा बाय दहा सेंटीमीटरचा नमुना करा. आठ दिवस थांबा. नमुना वाळल्यावर पांढरा पडला, पिवळा झाला, खडबडीत लागला, तर पद्धत बदला. हे आठ दिवस ठेकेदाराला नेहमी जड जातात.

क्रम सौम्यापासून कडककडे. सर्वांत आधी कोरडा, मऊ केसांचा कुंचला, वरून खाली, शेजारी व्हॅक्यूमचं तोंड धरून. एवढ्यानंही बराच काळेपणा जातो आणि पुष्कळ ठिकाणी इथंच थांबावं. तारेचा ब्रश वापरायचा नाही. त्याचे लोखंडी कण दगडाच्या छिद्रांत बसतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उमटतात.

खपलीला पाण्याचं धुकं चालतं. बारीक नोझलनं १० सेकंद धुकं, चार-पाच मिनिटं बंद, असं दोन ते तीन तास. जिप्सम फुगून मऊ होतं, मग नायलॉनच्या मऊ ब्रशनं निघतं. पाणी ओघळताना दिसलं की धुकं जास्त झालं. दाब दोन-तीन बारच्या पुढे नको. गाडी धुण्याचा पंप शंभर बारच्या वर जातो आणि एका दुपारी सगळ्या दरजा रिकाम्या करतो.

धुक्यानं न हलणाऱ्या खपलीसाठी अमोनियम कार्बोनेटचा लेप. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० ग्रॅम, फार तर १०० ग्रॅम. बेकरीत वापरतात ते अमोनिया बहुधा बायकार्बोनेट असतं. ते नको, रसायनांच्या दुकानातून नाव वाचून घ्या. या द्रावणात कागदाचा लगदा मळा, तो हातातून गळू नये इतपत घट्ट. भिंतीवर आधी पातळ टिश्यू लावा, त्यावर एक सेंटीमीटर लेप, वरून प्लास्टिक. पहिल्यांदा अर्ध्या तासानं एक कोपरा उचलून पाहा. गरज पडली तर दोन-तीन तासांपर्यंत ठेवा. लेपात जिप्समचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि अमोनियम सल्फेट उरतं. हे उरलेलं मीठ काढलं नाही तर सगळं काम उलटं पडतं. म्हणून ब्रशनं खपली काढल्यावर स्वच्छ पाण्याच्या लगद्याचे दोन-तीन लेप द्या आणि टीडीएस मीटरनं खात्री करा. कळस, पितळी दरवाजा, तांब्याची पन्हळ जवळ असेल तर हा लेप वापरू नका. अमोनिया तांब्याला खातो. बंद खोलीत तर मुळीच नाही.

ताजमहालावर मुलतानी मातीचा लेप देतात, म्हणून इथंही तोच करू, असं बरेच जण सुचवतात. संगमरवर गुळगुळीत असतो. आपल्या बसाल्टला बुडबुड्यांची छिद्रं असतात. माती त्यात अडकते आणि वाळल्यावर दगडभर पांढरे ठिपके उरतात. इथं कागदाचाच लगदा बरा.

तेलकट काजळीला अर्धा ते एक टक्का सौम्य, क्षाररहित डिटर्जंट, स्पंजनं, लगेच पुसून. शेवाळाला आधी बांबूच्या पट्टीनं खरवडणं, मग दोन टक्के बेंझाल्कोनियम क्लोराईड, आठवड्यानं पुन्हा कुंचला. ब्लिचिंग पावडर नको: शेवाळ मरतं, पण क्लोराईडचं मीठ भिंतीत राहतं आणि दर पावसाळ्यात ओल ओढून आणतं.

काय करू नये, आणि का

संडास-बाथरूमसाठी मिळणारं ॲसिड हा इथला सगळ्यात मोठा गुन्हेगार. दगड एका तासात 'नव्यासारखा' दिसतो. तोवर दरजांतल्या चुन्याचं कॅल्शियम क्लोराईड झालेलं असतं, जे हवेतलं पाणी शोषून भिंत कायम ओली ठेवतं; आणि बसाल्टमधलं लोह सुटून महिन्याभरात पिवळे-तपकिरी ओघळ येतात. ते डाग परत काढायला पहिल्याहून जास्त खर्च येतो.

वाळूचा मारा केला की पाथरवटाच्या टाकीचे घाव जातात. पृष्ठभाग खरखरीत होतो, मग धूळ पहिल्यापेक्षा लवकर बसते. पारदर्शक सिलिकॉन, इपॉक्सी, जवसाचं तेल हे सगळं आतली वाफ कोंडतं. भिंत वरून चकाकते आणि आतून खपली पिकते.

पायरी ६: दरजा पुन्हा चुन्यातच

मऊ झालेला, बोटानं भुरभुरणारा चुना दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल, निदान २५ मिलिमीटर, हातछिन्नीनं काढा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. इथं घाई केलीत तर मोठा घोटाळा होतो: जिप्सम भरलेला जुना चुना आत ठेवून वर सिमेंट भरलं तर सल्फेट सिमेंटशी प्रक्रिया करतं, फुगतं आणि दोन-चार पावसाळ्यांत दरज दगडाची कड घेऊन बाहेर येते. सिमेंट घट्ट असतं म्हणून ओल दगडातून किंवा विटेतून वाट काढते, तेही वेगळं.

मिश्रण आकारमानानं: एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली, चाळलेली नदीची वाळू. पायथ्याच्या ओल्या भागात वाळू अर्ध्या भागानं कमी करून (अडीच-तीनाऐवजी दोन-अडीच भाग) तेवढी विटेची बारीक सुरखी, म्हणजे पूड. चुनकळी (भाजलेला कोरडा चुना) भिजवून किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. न मुरलेले खडे नंतर भिंतीत फुटतात आणि गिलाव्यावर फोडासारखे दिसतात. चुन्याच्या घाण्यात किंवा मिक्सरमध्ये मळताना पाणी मोजूनच घाला; चुना पाण्यानं नाही, मळण्यानं लोण्यासारखा होतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे आणि गुळाच्या गावात कुणी ते हात आखडून घालत नाही. पण गूळ जास्त झाला की चुना नीट धरत नाही, मुंग्या आणि बुरशी मात्र येतात. थोडं घाला आणि तेही आधी नमुन्यावर.

भरण्याआधी दरज पाण्यानं भिजवा, पण आत पाणी साचू नये. एका थरात १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. थापीनं दाबून भरा, पृष्ठभाग दगडापेक्षा दोन मिलिमीटर आत ठेवा. दगडाच्या तोंडावर पसरलेला चुना लगेच ओल्या स्पंजनं काढा. दहा दिवस ओलं गोणपाट लटकवा, उन्हाची झळ लागू देऊ नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन पक्का होतो, आणि ते काम साधारण महिन्याला एक मिलिमीटर या चालीनं चालतं. फेब्रुवारीनंतर भरलेल्या दरजेला पहिला मोठा पाऊस लागायच्या आत पुरेसा वेळ मिळत नाही.

लोखंडाच्या खिट्ट्या, गज, जुने गर्डर याच वेळी पाहून घ्या. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो आणि आतून दगड फोडतो. गंज घासून झिंक फॉस्फेटचा प्रायमर द्या. वाकलेला गर्डर असेल तर अभियंता बोलवा.

पुढची देखभाल

दिवाळीनंतर कोरडा कुंचला. मेमध्ये पन्हळी. पारव्यांच्या विष्ठेतून नायट्रेट आणि फॉस्फेट येतात, म्हणून कणीवर जाळी. रस्त्याकडच्या भिंतीपासून पार्किंग निदान दोन मीटर लांब, आणि जनरेटरचं धुराडं दुसऱ्या बाजूला.

वळवाच्या पहिल्या सरीत छत्री घेऊन भिंतीसमोर उभं राहा. पाणी जिथून भिंतीवर उतरतं तिथं खडूनं खूण करा, आणि वाळल्यावर नकाशावर उतरवून घ्या. चिकटपट्टीची आणि टीडीएसची परीक्षा दर वर्षी त्याच चौकटीत, त्याच महिन्यात घ्यायची. चौकट बदलली की जुने आकडे बाद.